वहिनींच्या टबाचा सांगाडा

"दादा, हे बघ. मुठीपर्यंत आत गेला," मी म्हणालो.

दादाने माझ्या हातातला स्क्रूड्रायव्हर घेतला आणि दुसऱ्या जागी स्वतः खुपसून पाहिला. तोही तसाच गेला. टबाची बाजूची फळी आम्ही काढली होती. आत त्याने स्वतःच्या हातांनी ठोकलेला लाकडी सांगाडा दुधात बुडवलेल्या पावासारखा झाला होता. वहिनी पलंगावर टेकून बसल्या होत्या. टबात बसलं की पाणी एका खांद्यावर येतं आणि दुसरा उघडा राहतो, ही तक्रार त्यांचीच. आम्ही आधी ती हसण्यावारी नेली होती.

आम्ही दोघे भाऊ गरम पाण्याचे टब बनवणाऱ्या एकाच कारखान्यात. दादा सुतार, मी वेल्डर. लोक टबाचं चकचकीत भांडं बघतात. ते ज्यावर उभं असतं, त्याच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. आमचं सगळं आयुष्य त्या न दिसणाऱ्या भागात गेलं, आणि उरलेलं त्यावरून भांडण्यात.

"तू जिथे वेल्ड मारतोस ना, तिथेच आधी गंज धरतो," हे दादाचं ठरलेलं वाक्य.

"आणि तुझं लाकूड पाणी पिऊन फुगतं आणि एक दिवस मटकन बसतं," हे माझं.

जेवताना, रस्त्यात, दुसऱ्याच्या लग्नात, कुठेही हे सुरू व्हायचं. वहिनी म्हणायच्या, या दोघांना देवाने एकेक टब देऊन वेगवेगळ्या खोलीत कोंडायला हवं.

वहिनींना सांध्यांचा आजार होता. बोटं आत वळलेली, गुडघे सुजलेले. औषधांनी जेवढं व्हायचं तेवढं झालं होतं. त्या बऱ्या होणार नाहीत हे घरात सगळ्यांना माहीत होतं, त्यांना सगळ्यांच्या आधी. फक्त गरम पाण्यात अंग सैल व्हायचं. म्हणून कारखान्याने चरा पडला म्हणून टाकून दिलेलं एक भांडं दादाने आणलं आणि मागच्या खोलीत त्यांच्यासाठी टब उभा केला. रोज सकाळी तो त्यांना उचलून आत बसवायचा. बाहेर आल्यावर थोडा वेळ त्या चहाचा कप स्वतःच्या हाताने धरायच्या. दिवसातलं त्यांचं स्वतःचं असं तेवढंच.

आणि सांगाडा कुजला तो दादाच्या काळजीपायी. कारखान्यातल्या टबांचं लाकूड तो तेल लावून उघडं ठेवायचा. हा टब बायकोचा, म्हणून त्याने प्रत्येक फळकूट प्लास्टिकमध्ये गुंडाळलं होतं, पाण्याचा थेंब लागू नये म्हणून. पंपाच्या सांध्यातून थेंब गेलाच, आणि एकदा आत गेल्यावर त्याला बाहेर पडायला वाट राहिली नाही. गिऱ्हाइकांचे टब अजून ठणठणीत आहेत. जास्त जीव लावला तो इथे, आणि तेच नडलं.

"दुपारी लोखंडी चौकोनी पाइप आणतो," मी म्हणालो. "उद्या संध्याकाळी वहिनी पाण्यात."

"नको. मी लाकडाचाच करतो. या वेळी हवा खेळती ठेवीन."

"दादा, आता तरी हट्ट सोड."

"लाकडाचाच," तो म्हणाला आणि पडलेले खिळे वेचू लागला.

लाकूड आणलं ते ओलं निघालं. ओलं लावलं तर वाफेने वेडंवाकडं होतं, म्हणून दादाने ते बाहेरच्या खोलीत पसरून ठेवलं. आभाळ हटत नव्हतं. तो सकाळ-संध्याकाळ प्रत्येक फळकुटाला गाल लावून बघायचा आणि म्हणायचा, अजून नाही. तोवर वहिनींना बादलीभर पाणी आणि रबरी पिशवी. त्यांचं अंग रोज थोडं आखडत चाललं होतं आणि मला ते दिसत होतं. एकदा तो बाहेर गेलेला पाहून मी म्हणालो, "वहिनी, तुम्ही सांगा त्याला. तुमचं ऐकेल."

"नको, भाऊजी. कारखान्याने आता सगळं लोखंडाचं केलंय. यांना खोकी बांधायला बसवलंय, माहीत आहे ना तुम्हाला? हा एक टब तरी यांच्या हातचा होऊ दे."

मी रबरी पिशवी भरायला उठलो. माझ्याच सांगाड्यांनी त्याला खोकी बांधायला बसवलं होतं.

मग एका सकाळी, लाकूड अजून ओलंच असताना, दादा कारखान्यात माझ्या मागे येऊन उभा राहिला. मी तोंडावरचा मुखवटा वर करेपर्यंत थांबला.

"पाइप आण," एवढंच म्हणाला.

उभ्या जन्मात मी त्याच्याकडून हे ऐकायची वाट पाहिली होती. ऐकलं तेव्हा वाटलं, यापेक्षा त्याने चारचौघांत मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी सांगाडा उभा केला, प्रत्येक वेल्डवर दोन-दोनदा रंग चढवला. दादाने सगळीकडून हात फिरवून पाहिलं, म्हणाला, "चांगलं झालंय." पाणी भरलं, तापलं. आम्ही दोघांनी वहिनींना उचललं. पण त्यांचे गुडघे वळलेले होते ते सरळ होईनात, आणि कंबर वाकेना. काठावरून पाय आत जाईनात. आम्ही आडवं धरून पाहिलं, मागून धरून पाहिलं. त्यांनी बराच वेळ ओठ दाबून धरले आणि मग म्हणाल्या, "राहू द्या आता."

आम्ही त्यांना पलंगावर ठेवलं. डॉक्टर नंतर म्हणाले की हे आज ना उद्या होणारच होतं. दादाने ऐकून घेतलं. त्याचा विश्वास बसला नाही, माझाही बसला नाही.

टॉवेल टबात बुडवून, पिळून आम्ही त्यांच्या गुडघ्यांवर ठेवत राहिलो. टॉवेल लगेच निवत होते. टब भरलेला, वाफाळता, मागे उभा होता.

"एवढं पाणी वाया जाईल," वहिनी म्हणाल्या. "अहो, तुम्ही बसा ना आत."

"मी कशाला?"

"बसा. मला बघू दे."

इतकी वर्षं टब केले, पण आम्ही दोघे कधी एकाही टबात बसलो नव्हतो. दादाने शर्ट काढून खुंटीला लावला, काठ धरून आत उतरला आणि गळ्यापर्यंत बुडाला. सांगाडा तसूभरही हलला नाही. त्याचे डोळे आपोआप मिटले आणि चेहरा सैल पडला. मग त्याच्या ते लक्षात आलं आणि त्याने मान खाली घातली.

"बरं वाटतंय ना?" वहिनींनी विचारलं.

"हो," दादा म्हणाला. "फार बरं वाटतंय."

"मग बसा थोडा वेळ. घाई नाही."

मी आणखी एक टॉवेल भिजवायला वाकलो. दादाने तो माझ्या हातातून घेतला, पाण्यात बुडवला, नीट पिळला आणि माझ्याकडे न बघता परत दिला.