कमलाबाई कोनाकडे?

वडशात अयूबभाईंना नुसतं अयूबभाई कोणी म्हणत नसे. सगळे म्हणत 'सस्तेवाले अयूबभाई', आणि तेही चहाच्या टपरीवर, चारचौघांत, मोठ्यानं. त्यांचा मंडपाचा धंदा झकास चालला होता. पण एका वर्षी डोक्यात किडा वळवळला, की आपणच नाटक कंपनी काढावी. झाडीपट्टीत, म्हणजे विदर्भाच्या पूर्वेकडच्या जंगलपट्ट्यात, धान घरात आलं की गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा भरते, रात्रभर नाटक चालतं, आणि नाटक ठरवायला गावची मंडळं वडशाला येतात. अयूबभाईंनी हिशेब मांडला. तंबू घरचा, टिनपत्रे घरचे, जनरेटर घरचा. दुसऱ्यांच्या निम्म्या भावात नाटक देऊ! दिलंही असतं हो, पण घ्यायला कोणी आलं तर ना. कमलाबाईंचं गाणं ऐकायला लोक बैलगाड्या जुंपून येत, आणि त्या कमलाबाई त्या वर्षी समोरच्या कंपनीत गेल्या. मंडळवाले अयूबभाईंच्या दारात यायचे, भाव न विचारता पहिलं हेच विचारायचे, की कमलाबाई कोनाकडे हाये? उत्तर मिळालं की समोरच्या दारात शिरायचे. तंबू घडी मोडल्याशिवाय तसाच राहिला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

त्यांची मुलगी मदीहा तेव्हा शाळेत होती. बापाला कोणी 'सस्तेवाले' म्हटलं की तिला रडू यायचं आणि रागही यायचा. म्हणूनच की काय, पोरगी खर्चाच्याच हिशेबात शिरली. चंद्रपूरला कॉमर्स केलं, कॉस्टिंगच्या परीक्षा दिल्या, आणि २००७च्या पावसाळ्यात नागपूरजवळ डीव्हीडी तयार करणाऱ्या एका कारखान्यात लागली. लागली म्हणजे तात्पुरती. एक मोठा अहवाल तिनं करायचा, तो शेठला पटला तर नोकरी पक्की, नाही तर बोरियाबिस्तर बांधून वडसा. घरी परत येऊन बापाच्या मंडपाची बिलं लिहायची तिची अजिबात तयारी नव्हती.

अहवालाचा विषय त्या वर्षी सगळ्या धंद्याची झोप उडवणारा होता. डीव्हीडीपेक्षा कितीतरी स्वच्छ चित्र देणाऱ्या दोन नव्या तबकड्या निघाल्या होत्या, एचडी डीव्हीडी आणि ब्लू-रे. दोघींचं एकमेकींशी जमत नव्हतं. एकीची तबकडी दुसरीच्या प्लेअरवर चालायची नाही, त्यामुळे बाजारात शेवटी एकच टिकणार हे उघड होतं. एचडी डीव्हीडी जुन्याच मशिनींवर थोड्या फेरफारानं निघायची. ब्लू-रेला मशिनी नव्या लागायच्या, वरचा थर अगदी पातळ, त्याला ओरखडा पडू नये म्हणून निराळा लेप, आणि हे सगळं करून सुरुवातीला निम्मा माल भंगारात. कारखान्यानं कोणती धरायची?

मदीहानं महिनाभर डोळे फोडून खर्च काढला. एचडी डीव्हीडी स्वस्त, यात तीळमात्र शंका नव्हती. हिशेबखात्याचे प्रमुख प्रफुलसाहेब खूश झाले, कारण त्यांचंही मत तेच होतं. सगळ्या मशिनी फिरवून घ्यायच्या आणि परदेशातल्या एका मोठ्या ऑर्डरवर सही करायची, एवढंच शेठचं राहिलं होतं. मदीहा दिवाळीच्या सुट्टीत वडशाला आली ती नोकरी खिशात असल्यासारखीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बापाजवळ मंडपाच्या दुकानात बसली होती. लटारूभाऊ आले. ते जवळच्याच एका गावच्या मंडळाचे कारभारी. समोरच्या कंपनीकडून नाटक पक्कं करून आले होते, आता तंबू पाहिजे होता. अयूबभाईंनी सहज विचारलं, की पलीकडची नवी कंपनी तर बरीच स्वस्त देते म्हणतात, तिकडे का नाही गेले?

लटारूभाऊंनी तंबाखू मळता मळता त्यांच्याकडे पाहिलं. "काऊन अयूबभाऊ, तुमाले मालूम नाई का? तंबू पाहाले कोन येते? कमलाबाई जिकडे, लोकं तिकडे."

अयूबभाई हसले. ते हसणं मदीहाच्या चांगल्या ओळखीचं होतं, वर्षानुवर्षं ते तिच्या काळजात रुतलेलं होतं. पण त्या दिवशी रडू आलं नाही. ती ताडकन उठली आणि आत जाऊन अहवालाची बॅग उघडून बसली. या अख्ख्या कागदात आपण तंबूचाच हिशेब केलाय! सिनेमे कोणाकडे आहेत, हे आपण विचारलंच नाही. अब्बांची चूक जशीच्या तशी, फक्त इंग्रजीत टाइप केलेली. तिला स्वतःचीच लाज वाटली, आणि लगेच हुरूपही आला.

सुट्टी तशीच टाकून ती नागपूरला परतली. कोणती सिनेमा कंपनी कोणाच्या बाजूला आहे, कोणाचा करार कधी संपतो, कोण दोन्हींकडे पाय ठेवून आहे, हे सगळं तिनं शोधून काढलं. ब्लू-रेकडे पारडं झुकत होतं, आणि काठावर बसलेली एक बडी कंपनी उठून तिकडे गेली की खेळ खलास होणार होता. तिनं नवा अहवाल लिहिला. खर्चाचा एकही आकडा बदलला नाही, निष्कर्ष मात्र उलटा केला. स्वस्त आहे म्हणून घेऊ नका, काठावरची कंपनी कुठे जाते ते दिसेपर्यंत, निदान होळीपर्यंत, सही थांबवा.

बैठकीत प्रफुलसाहेब लालबुंद झाले. गेल्या महिन्यात एक आणि या महिन्यात दुसरं, हा काय पोरखेळ आहे, असं त्यांनी सुनावलं. आता मागे सरली तर वडसा, आणि पुढे गेली तरी बहुधा वडसाच. मग पुढेच जाऊ, असं तिनं ठरवलं. बापाच्या कंपनीची गोष्ट तिनं शेठला अथपासून इतिपर्यंत सांगितली. नाव लपवलं नाही, 'सस्तेवाले' हा शब्दसुद्धा गिळला नाही.

प्रफुलसाहेब हसले. शेठ हसले नाहीत. त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि होळीपर्यंत थांबू म्हणाले. पण मदीहाची नोकरीही होळीपर्यंत टांगलेलीच ठेवली.

होळी लांबच राहिली. नवं वर्ष लागलं नि चार दिवसांत काठावरची ती अमेरिकन सिनेमा कंपनी ब्लू-रेकडे गेली. तिच्यामागे दुकानवाले गेले. आणि फेब्रुवारीत, ज्यांनी एचडी डीव्हीडी काढली होती त्यांनीच गाशा गुंडाळला. शेठच्या हातून सही झाली असती तर अख्खा कारखाना अशा तबकड्या काढत बसला असता, ज्या चालवायला बाजारात यंत्रच मिळणार नव्हतं. शेठनी मदीहाला बोलावून पक्क्या नोकरीचं पत्र दिलं, आणि प्रफुलसाहेबांनी, माणूस दिलदार म्हणायचा, सगळ्यांदेखत पेढा दिला.

पुढच्या रविवारी मदीहानं वडशाच्या टपरीवरच बापाला गाठलं. भर गर्दीत सगळं सांगितलं, शेठला काय सांगितलं तेही. अयूबभाई कान देऊन ऐकत राहिले. चहा निवून गेला. पोरीनं आपली फजिती नागपूरच्या शेठपुढे मांडली याचा राग मानावा की काय करावं, हे त्यांना क्षणभर कळेना. तेवढ्यात रस्त्यावरून लटारूभाऊंनी नेहमीसारखी हाळी दिली, "काय सस्तेवाले, चहा पाजता का?"

अयूबभाई उभे राहिले. एरवी हा माणूस मान खाली घालून हसायचा. आज छाती काढून, सगळ्या टपरीला ऐकू जाईल असं बोलला.

"या लटारूभाऊ, बसा. सस्तेवालाच हाये मी. माह्या त्या तंबूनं नागपूरचा कारखाना वाचवला, पुसा माह्या पोरीले."

आणि त्या दिवशी टपरीवर जितकी माणसं होती, तितक्या सगळ्यांना सस्तेवाले अयूबभाईंनी स्पेशल चहा पाजला.