मूठभर कमी

"नऊशे अठ्ठावन्न," साहेबांनी आकडा वाचला आणि पाकीट काट्यावरून उतरवलं. दुसरं ठेवलं. "नऊशे एकाहत्तर." तिसरं. "हे तर नऊशे चाळीसच. पुष्पलताबाई, पाकिटावर काय छापलंय?"

"निव्वळ वजन एक किलो."

"मग?"

पुष्पलताने वाकून काट्यावरचा आकडा स्वतः पाहिला. जव्हारच्या प्रशिक्षण केंद्राच्या हॉलमध्ये नागलीची, म्हणजे नाचणीची, दोनशे पाकिटं दहा खोक्यांत भरून तयार होती आणि दुपारी चारला वाशीचा टेम्पो सुटायचा होता. वाशीहून पुढे जहाजाने दुबई. हॉलच्या दारावर 'जव्हार ते दुबई' असा फ्लेक्स सकाळीच लागला होता. त्यावर सगळ्या साहेबांचे फोटो होते. नागली पिकवणाऱ्या बायकांपैकी एकीचाही नव्हता, पण ते आता कोण बोलणार.

"बायकांनी हात मारलाय," साहेब म्हणाले. हे साहेब जिल्ह्याच्या निर्यातवृद्धी अभियानाचे. डोंगरातला माल परदेशी बाजारात पोचवायची जबाबदारी त्यांच्याकडे होती आणि ही नागली जिथे पिकली ते सूर्यमाळ त्यांनी फक्त नकाशात पाहिलं होतं.

"हात मारायचा तर माणूस सगळीकडे सारखा मारतो, साहेब. इथे कुठे तीस ग्रॅम कमी, कुठे साठ. आणि भरताना काट्यापाशी मी स्वतः उभी होते."

"मग वाटेत उडाली का नागली? हे बघा, चारपर्यंत भर घाला. पण त्याच बॅचची. लॅबचा रिपोर्ट त्या बॅचचा आहे. बाजारातून आणून टाकलीत तर मी सही करणार नाही."

पुष्पलताने पर्स उचलली आणि बाहेर येऊन नवसूची जीप गाठली. नवसू टायरवर पाय ठेवून विडी ओढत होता. "सूर्यमाळ," ती म्हणाली. त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि विडी टाकली.

पुष्पलता कंत्राटी समन्वयक होती. अकरा महिन्यांची ऑर्डर, एक दिवसाचा खंड, परत अकरा महिने, अशी चौदा वर्षं झाली. या चौदा वर्षांत तिने पाड्यांवर काय काय नेलं नव्हतं? कोंबड्या नेल्या, कोरफड नेली, मशरूम नेलं, स्ट्रॉबेरी नेली. प्रत्येक वेळी मोठी मीटिंग, चहा-बिस्किटं, आणि मग वरून पत्र येणं बंद. बायका तिला 'योजनावाली बाय' म्हणत आणि तोंडाला पदर लावून हसत. तीही हसायची. न हसून सांगते कुणाला?

या वर्षी निर्यात आली. निर्यातीचा नंबर काढताना फॉर्मने घर क्रमांक मागितला. सूर्यमाळच्या त्या पाड्यातल्या घरांना क्रमांक नव्हते. जवळचं बंदर विचारलं तेव्हा गटाच्या अध्यक्ष हौशीमावशीने शांतपणे विचारलं होतं, "बंदर म्हंजी काय?" फूड लायसन्स झालं, लॅब झाली, कीड-बुरशीचा दाखला झाला. मग साहेबांनी सांगितलं की परदेशी गिऱ्हाइकाला मालाचा माग काढता आला पाहिजे, तेव्हा प्रत्येक पाकिटावर पिकवणाऱ्या बाईचं नाव हवं. नावं छापली. एका करिष्माच्या तीन करिष्मा झाल्या, परत छापली.

एवढं सगळं करून शेवटच्या कागदावर अंगठा उठवण्याआधी हौशीमावशीने पुष्पलताचा हात धरला होता. "बाय, ही तरी जाल ना?"

"जाईल मावशी. माझा शब्द."

योजना तिने पुष्कळ दिल्या होत्या, पण शब्द पहिल्यांदाच दिला होता. आता ही नागली गेली नाही तर त्या पाड्यावर पुन्हा कुठल्या तोंडाने चढायचं, एवढाच प्रश्न मोखाडा येईपर्यंत तिच्या डोक्यात होता. पुढे घाटात तर ती मोठ्यानेच बोलायला लागली. नवसू गिअर बदलत राहिला.

पाड्यावर पोचली तेव्हा बारा वाजत आले होते. हौशीमावशी ओट्यावर सुपात नागली पाखडत होती. तिची सून प्रगती शेजारी बसून खडे वेचत होती. पुष्पलता उभ्या उभ्याच सुरू झाली.

"मावशी, सगळ्या पाकिटांत वजन कमी आलंय. नागली कोणी काढली?"

हौशीने सूप थांबवलं. "आमीच काढली," ती म्हणाली. एवढंही तुला ठाऊक नाही का, असा तिचा सूर होता.

"आमी म्हणजे कोण?"

"समद्या जणी. जिची तिनं."

प्रगतीने मान खाली घालून समजावलं, "मॅडम, दाणा मापून घराभायेर दिला का त्यातली मूठ परत घ्याची असती. नायतर मापासंगं कणसरी पन जाते, दान्याची देवी. कणगी रिती पडते."

"एका किलोच्या पाकिटातून?"

"माप त्ये माप," हौशी म्हणाली. "लहान पाकीट, म्हून मूठ बी लहान घेतली. चिमटीवानी."

"अहो, पण आजवर व्यापाऱ्याला पोती देत होतात!"

"तवा पोत्यातनं एक मूठ घ्याचो. शेटच पोत्याचा तोंड धरून उभा ऱ्हायचा, का घे बाई तुझी मूठ. आता तूच सांगलंस का पाकीट जिचं तिच्या नावाचं. मंग दोनशे मापं झाली का नाय? तूच सांग."

झाली होती. काट्यावर किलो पाहून पुष्पलता पाकीट जिच्या तिच्या हातात देत होती, आणि तिथून शिवायच्या मशीनपर्यंतच्या चार पावलांत प्रत्येकीने आपली कणसरी घरी ठेवून घेतली होती. पुष्पलताने कपाळावर हात मारून घेतला. चौदा वर्षं ती या घरांतून वावरत होती. पोत्यातली ती मूठ तिने शंभरदा पाहिली होती. साहेबांच्या चाळीस पानी पुस्तिकेत ओलावा होता, बुरशी होती, किडे किती चालतात तेही होतं, मूठ नव्हती. पण साहेबांचं सोडा, तिला तरी आठवायला नको होती का?

"मग मला सांगायचं ना, मावशी!"

"तू इचारलं नाय. आमाला वाटला, तुला म्हाईत हाय."

राग कुणावर काढायचा तेच कळेना, म्हणून ती जीपवर ओरडली, म्हणजे नवसूवर. गाडी वळवून ठेवायला काय झालं होतं? मग तिने दहा किलो नागली मागितली, त्याच बॅचची. बायका लगेच उठल्या. घराघरातून डबे आले, पोतं भरलं, काट्यावर दहा किलो झाले, आणि हौशीने पोत्यात हात घातला.

"मावशी!"

"अगं, ह्ये पन माप."

"अकरा किलो भरा," पुष्पलता दात आवळून म्हणाली. "अकरा भरा आणि तुमच्या काय मुठी घ्यायच्या त्या घ्या. मला खाली दहा उरले पाहिजेत."

"आता कसा बोललीस," हौशी म्हणाली. "ह्याच हिशोबानं परवा भरली असती तर तुला एवढा घाट नसता पडला." बायका खळखळून हसल्या. शेवटी पुष्पलताही हसली, कारण पुढच्या वेळचा सगळा उपाय एवढाच होता आणि तो पाड्यावरच सापडला होता. अजून वेळ हातात होता. दोनला जव्हार, दोन तासांत भर घालून पाकिटं बंद, चारला टेम्पो.

सूर्यमाळला फोन लागत नाही. मोखाड्याच्या अलीकडे पुष्पलताच्या पर्समध्ये फोन थरथरायला लागला आणि थांबेचना. साहेबांचे नऊ कॉल येऊन गेले होते. तिने उलट लावला तर बिझी.

सव्वादोनला ती हॉलमध्ये शिरली तेव्हा मंडपवाला खुर्च्या एकात एक घालत होता. नागलीची पाकिटं भिंतीशी सतरंजीवर रचून ठेवली होती. रिकामे खोके बाजूला होते.

"कुठे होतात तुम्ही?" साहेब म्हणाले. "वरच्या साहेबांना पुढे दुसरा कार्यक्रम होता, ते साडेबारालाच आले. झेंडा दाखवला, टेम्पो सुटला."

"आणि नागली?"

"कमी वजनाची कशी पाठवणार? बाकीच्या गटांचे काजू होते, ते गेले. तुमचे खोके फोटोपुरते चढवले होते रिकामेच. फोटोत भरलेले दिसतात."

पुष्पलताने वाशीच्या निर्यातदाराला फोन लावला. भर घालून जीपने स्वतः घेऊन येते, रात्री आठला पोचते, असं सांगितलं. तो माणूस फार नम्र होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की टेम्पोत नागली नाही असा निरोप आला तेव्हाच कागदांवरून ती त्याने काढली आणि ती जागा दुसऱ्या मालाला दिली. दोनशे किलोसाठी पुन्हा कागद उघडणं परवडत नाही. पुढे कधी मोठा लॉट असेल तर जरूर कळवा.

तिने फोन ठेवल्यावर साहेबांनी आवाज खाली आणला. "मनाला लावून घेऊ नका. अहवालात 'रवाना' लिहा. फोटो वर गेलेत, आता ते काही परत येत नाहीत. पाकिटं गोदामात टाका, पुढे बघू. आणि गटाला सांगा, गेला माल. त्यांना काय कळणार आहे?"

"त्यांना कळत नाही असं कोण म्हणालं तुम्हाला?"

"मी तुमच्या भल्याचं सांगतोय, बाई. मार्च तोंडावर आलाय. ऑर्डरची यादी माझ्याच टेबलावरून जाते."

हे त्यांनी धमकी म्हणून म्हटलं नव्हतं. खरंच काळजीने म्हटलं होतं, आणि त्याचाच तिला जास्त संताप आला. तिने ओणवं होऊन पाकिटं खोक्यांत भरायला घेतली. मंडपवाल्यानेही चार हात लावले.

"नवसू, खोके जीपमध्ये टाक."

"पुन्यांदा सूर्यमाळ?"

"पुन्हा सूर्यमाळ."

वाटेत तिने बरीच वाक्यं जुळवली. तांत्रिक कारणामुळे. वरच्या पातळीवर. पुढील टप्प्यात. गेली चौदा वर्षं ही वाक्यं तिला कधी अडली नव्हती. घाट चढेपर्यंत त्यातलं एकही धड तोंडात उरलं नाही.

ऊन उतरलं होतं. हौशीमावशी अजून ओट्यावरच होती. जीपचा आवाज ऐकून प्रगती आणि आणखी चारपाच जणी बाहेर आल्या. नवसूने मागचं दार उघडलं आणि खोके दिसले, तेव्हा त्या सगळ्या ओट्यापाशीच थांबल्या.

"मावशी, नाही गेली," पुष्पलता म्हणाली. "टेम्पो आधीच सुटला. मी पोचायच्या आत. वजन मी परत बघायला हवं होतं, ते राहिलं माझ्याकडून. तुमची चूक नाही. मी शब्द दिला होता आणि नाही गेली."

"मंग पुन्यांदा कवा जाल?" प्रगतीने विचारलं.

"माहीत नाही गं. जाईलच असं आता नाही सांगत."

नवसू एकेक खोका उतरवून ओट्याला लावत होता. हौशीने पहिल्या खोक्यावर हात ठेवला. मग पुष्पलताकडे पाहिलं.

"आमच्या पाड्यात किती काय काय आला आन् गेला," ती म्हणाली. "आला तवा समदी आली सांगाय. गेला तवा कोन आला?"

"कोणी नाही."

"तू पन नाय आलीस. त्या लाल फळाची रोपं मेली, तवा दोन वरीस तू हिकडं फिरकली नाय."

"नाही आले, मावशी. लाज वाटत होती."

"आज आलीस," हौशी म्हणाली.

तिने सूप उचलून पलीकडे ठेवलं, ओट्यावर आपल्या शेजारी जागा केली आणि म्हणाली, "बस."

पुष्पलता बसली. या ओट्यावर ती आजवर बसली होती ती प्रत्येक वेळी मांडीवर फाईल घेऊन. आज फाईल नव्हती. हात कुठे ठेवावेत, तेच तिला कळेना.