डाव्या चाकाचा बुश

गाडी तपासणीत नापास झाली याचं देवश्रीला फारसं नवल वाटलं नाही. रेगेन्सबर्गच्या जुन्या गावातल्या दगडी रस्त्यावर पुढून खडखडाट यायचाच, आणि ब्रेक दाबला की स्टिअरिंग हातातल्या हातात एका बाजूला ओढायचं. तिचं डोकं फिरलं ते नंतर, वर्कशॉपमध्ये.

"दोन्ही बाजूंचे बुश गेलेत की फक्त डावा?" तिने तिथल्या मास्टरला विचारलं. जर्मनमध्ये, स्पष्ट, नीट. आणि त्या माणसाने उत्तर दिलं ते तिच्या नवऱ्याला, हृषिकेशला.

"रबर संपलंय. दोन्हीकडचे आर्म अख्खे बदलावे लागतील. पण एवढ्या जुन्या गाडीत कशाला जीव अडकवता? दुसरी घ्या."

"गेनाऊ, गेनाऊ, अगदी बरोबर," हृषिकेश मान डोलवत म्हणाला.

आता गंमत अशी, की देवश्री गेली कित्येक वर्षं गाड्यांच्या बुशांचंच काम करत होती. चाकाला सांगाड्याशी जोडणारा जो लोखंडी हात असतो, त्याच्या सांध्यात हे रबर बसतं आणि रस्त्याचे दणके गिळतं. ते किती दाबलं जाईल, कुठून फाटेल, याची गणितं ती कंपनीत बसून कॉम्प्युटरवर करायची. हे हृषिकेशला माहीत नव्हतं असं थोडंच होतं!

"तू गेनाऊ कशाला म्हणालास?" घरी परतताना तिने विचारलं.

"अगं, बरोबरच बोलत होता तो. म्हातारी झालीय गाडी."

"प्रश्न मी विचारला होता, हृषी."

"मग काय, भांडायचं होतं त्याच्याशी?"

"नाही. बुश मी बदलणार. घरी, आपल्या गॅरेजमध्ये."

हृषिकेश हसला. वाईट हेतूने नाही, सवयीने हसला. "देवू, स्क्रीनवर बदलणं वेगळं."

त्याच रात्री तिने सामान मागवलं.

रविवारी ठोकाठोक केली तर सगळी इमारत अंगावर येते, म्हणून शनिवार ठरला. सकाळी तिने जुनी जीन्स चढवली, केस घट्ट बांधले आणि खाली निघाली. मिरजेहून राहायला आलेल्या तिच्या सासूबाई, अहिल्याबाई, चहाचा कप हातात धरून दारात उभ्या होत्या.

"अगं, हे काय ध्यान? आणि गाडीखाली तू शिरणार? लोक काय म्हणतील?"

"अहो आई, इथल्या लोकांना मी कोण तेसुद्धा माहीत नाही."

"म्हणून काय झालं?" म्हणाल्या, पण चप्पल घालून मागोमाग आल्या. गॅरेजमधली घडीची खुर्ची उघडून बसल्या आणि टॉर्च मागून घेतला.

देवश्रीने जॅक लावला, खाली भक्कम स्टँड दिले, गाडी दोन्ही हातांनी गदागदा हलवून पाहिली आणि मगच डावं चाक काढलं. पहिलाच बोल्ट हटेना. बर्फासाठी रस्त्यावर टाकलेलं किती हिवाळ्यांचं मीठ त्यात मुरलेलं! गंज सोडवणारा स्प्रे मारला, थांबली, पुन्हा मारला. पान्याला लोखंडी पाइप अडकवून सगळं वजन टाकलं. पाय घसरला, कोपर दरवाज्यावर आपटलं. डोळ्यांत पाणी आलं. अहिल्याबाई उठायला लागल्या तशी ती जवळजवळ ओरडलीच, "काही झालं नाही! टॉर्च इकडे धरा."

पुढच्या हिसक्याला बोल्ट कर्रकन बोलला आणि सुटला.

आर्म बाहेर आला. एका बाजूला पाइपचा तुकडा, दुसऱ्या बाजूला जाड वॉशर, मधून आटे पाडलेला लांब दांडा. नट आवळत गेलं की जुना बुश हळूहळू बाहेर सरकतो. तो टपकन पडला तेव्हा तिने उचलून उजेडात धरला. स्क्रीनवर जिथे ती नेहमी ताण दाखवणारा लाल रंग बघायची, बरोबर तिथेच रबर फाटलं होतं. आरपार. इतकी वर्षं रंग बघितले, फाटलेलं रबर हातात पहिल्यांदाच आलं. ती त्याच्याकडे बघत राहिली. वास मात्र भयंकर होता.

नवा बुश आत घालायला साबणाचं पाणी लागतं. अहिल्याबाईंनी वर जाऊन भांडी घासायचं लिक्विड वाटीत कालवून आणलं, आणि बुश सरसर आत गेला. तेवढ्यात हृषिकेश डोकावला.

"अरे वा, झालं की!"

देवश्री बुशाची कड निरखत होती. बुशावर एक बाण असतो, आर्मवर एक खाच असते; दोन्ही समोरासमोर यावे लागतात. बाण खाचेपासून बाजूला सरकला होता. दाबताना फिरला असणार, आणि तिचं लक्ष नव्हतं.

"एवढंसं तर आहे," हृषिकेश वाकून म्हणाला. "चालून जाईल."

"एक हिवाळा चालेल. मग पिळवटून फाटेल."

"अगं, कोण बघणार आहे?"

"मी बघितलंय ना."

तिने तोच बुश पुन्हा दाबून बाहेर काढला. येताना त्याच्या कडा सोलवटल्या, तो गेलाच. आता डाव्या बाजूला बुश नव्हता आणि सुट्या भागांचं दुकान दुपारी बंद होणार होतं. "मी जाऊ का?" असं हृषिकेश विचारेपर्यंत ती सायकलवर बसलेली होती, कोपरापर्यंत काळी. दुकानदाराने खराब झालेला बुश फिरवून पाहिला. "हा कुणी बिघडवला?"

"मी," देवश्री म्हणाली. "दुसरा द्या."

परतली तर गॅरेजसमोर वेगळंच नाटक चाललेलं. वरच्या मजल्यावरचे ब्रांडल हात मागे बांधून उभे होते. गॅरेजच्या ऐन तोंडात अहिल्याबाई खुर्ची टाकून बसल्या होत्या, मांडीवर पाना. त्यांना जर्मनचा गंध नव्हता, पण उठायचं नाही एवढं त्यांना पक्कं कळलेलं होतं. मध्ये हृषिकेश.

"गॅरेज गाडी ठेवायला असतं," ब्रांडल म्हणत होते. "दुरुस्तीला नाही. ताबडतोब बंद करा, नाहीतर मी हाउसफरवाल्टुंगला, इमारतीच्या ऑफिसला, फोन करीन."

देवश्री सायकल धरून उभी राहिली. आता हा गेनाऊ म्हणणार, तिला वाटलं.

"नाइन," हृषिकेश म्हणाला. चक्क नाही म्हणाला. "बंद होणार नाही. माझी बायको इंजिनिअर आहे, काम तिचं चाललंय. थेंबभर तेल सांडलेलं नाही. संध्याकाळपर्यंत दार लागेल. फोन करायचा तर जरूर करा."

"काय म्हणतोय गं तो?" अहिल्याबाईंनी विचारलं.

"काम थांबवा म्हणतोय."

"मग त्याला सांग, मी बसलेय इथे."

याचं भाषांतर कुणी केलं नाही, गरजही नव्हती. ब्रांडल पुटपुटत जिना चढले. हृषिकेशने बायकोकडे बघायचं टाळलं आणि बाह्या सरसावल्या. "काय धरू?"

"आर्म. आणि बाणावर नजर ठेव."

या वेळी ती अर्धा फेरा आवळायची, थांबायची, बघायची. बाण खाचेसमोर आला आणि तिथेच राहिला. आर्म जागेवर गेल्यावर हृषिकेशने पाना उचलला तसा तिने त्याचा हात धरला.

"आत्ता आवळायचं नाही. गाडी आधी आपल्या वजनावर उभी राहू दे. लटकत असताना आवळलं तर खाली आल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं."

"हे त्या मास्टरला माहीत असेल?"

"असेल. मलाही माहीत आहे."

उजवी बाजू निम्म्या वेळात झाली. ब्रांडलना सांगितल्याप्रमाणे संध्याकाळी दार लागलं.

पुढच्या आठवड्यात चाकांचं अलाइनमेंट करून घेतलं आणि ती एकटीच फेरतपासणीला गेली. तपासनीस तरुण होता. त्याने लांब पहार घालून आर्म हलवायचा प्रयत्न केला आणि म्हणाला, "पास्ट, ठीक आहे."

"पुन्हा एकदा हलवा," देवश्री म्हणाली. "मला बघायचंय."

त्याने खांदे उडवले आणि पुन्हा जोर लावला. रबर दबलं आणि परत जागेवर आलं. ती खाली वाकून बघत होती. मग कुणाचीही पर्वा न करता मोठ्याने हसली.

ब्रांडलनी फोन केलाच होता. हाउसफरवाल्टुंगच्या बाईंनी कडक आवाजात नियम ऐकवले. देवश्रीने सगळं ऐकून घेतलं. "तेल काढणार नाही, गाडी धुणार नाही, रविवारी ठोकणार नाही," ती म्हणाली. "पण चाक काढू नये असं कुठे म्हटलंय ते मला दाखवा." बाई म्हणाल्या, बघून कळवते. अजून कळवलेलं नाही.

आता पुढचा आवाज गेल्यामुळे मागचा ऐकू यायला लागला होता, एक बारीक टकटक. जेवताना देवश्रीने मागच्या बुशांचा विषय काढला. हृषिकेशने तोंडातला घास संपवून विचारलं, "शनिवारी?"

"शनिवारी," अहिल्याबाईच म्हणाल्या. "आणि मला हातमोजे आणा. माझ्या मापाचे."