प्रार्थना कुणी तोडत नाही

आमच्या बायबल अभ्यास केंद्रात उन्हाळ्याच्या संध्याकाळी हिरवळीवर खुर्च्या मांडतात. कलिंगड, सरबत, कुणाचं तरी भाषण आणि मग भरपूर वाद. वक्ता कितीही मोठा असो, त्याला मध्येच अडवायची इथे मुभा आहे, म्हणून तर आजूबाजूची माणसंही येतात. शेवटी मात्र डोळे मिटून प्रार्थना. ज्याला वाटेल त्यानं मोठ्यानं करावी, आणि ती कुणी तोडायची नाही. 'आमेन' होईपर्यंत माणसं शिंकसुद्धा दाबून धरतात.

त्या दिवशीचा विषय होता आजाऱ्यांची सेवा. आणि साक्ष द्यायला उभे कोण, तर आमचे धाकटे भाऊजी. साक्ष म्हणजे देवानं आपल्याला कसं सावरलं ते चारचौघांत सांगायचं. भाऊजींनी सांगितलं की आईचं शेवटचं आजारपण त्यांनी काढलं, तिला हातानं भरवलं, तिची पाठ पुसली, ती त्यांच्या मांडीवरच गेली. बोलता बोलता गळा दाटला. बायका डोळे पुसायला लागल्या. संचालक पुढच्या रांगेत बसून माना डोलवत होते. पुढच्या वर्षापासून हे मेळावे कुणी चालवायचे ते त्यांना त्याच संध्याकाळी जाहीर करायचं होतं. ख्रिस्ती माणसाबद्दल बोलू नये, पण भाऊजी त्या जागेसाठी कधीचे देव पाण्यात घालून बसले होते.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. भरवलं मी. पाठ पुसली मी. नवरा आधीच गेलेला, घरात मी आणि सासूबाई दोघीच. भाऊजींचा फोन यायचा, "वहिनी, कामात अडकलोय, पुढच्या आठवड्यात नक्की." तो आठवडा काही उगवला नाही. दफनाला तेवढे आले, कोटाला कडक इस्त्री करून. आता आयत्या बिळावर नागोबा.

शेजारीण कानाशी लागली, "अगं, विचार की त्यांना प्रश्न."

"नको," मी म्हटलं. "प्रश्नाला उत्तर देता येतं."

सगळ्यांनी डोळे मिटले तशी मी उभी राहिले.

"हे प्रभू," मी अगदी मऊ आवाजात सुरुवात केली, "आमच्या भाऊजींना क्षमा कर. आईच्या आजारपणात त्यांना एकदाही यायला जमलं नाही, ते त्यांना फार खातंय. इतकं, की आज त्यांनी माझीच सेवा आपली म्हणून सांगितली. आई गेली तेव्हा ते नवी गाडी बघायला गेले होते, तोही अपराध पोटात घाल."

मी एक डोळा किलकिला करून पाहिलं. भाऊजींचे कान लालबुंद झाले होते. तोंड उघडलं आणि मिटलं. मी घाई केली नाही. औषधं, ओल्या चादरी, भांडं, काही म्हणून सोडलं नाही. मग 'आमेन' म्हटलं, आणि सगळ्यांबरोबर त्यांनाही म्हणावं लागलं. संचालक उठले आणि सरबत घ्या म्हणाले, दुसरं काही नाही. मला कसलं गार गार वाटलं म्हणून सांगू.

खुर्च्या आवरताना भाऊजी जवळ आले. भांडायला आले असतील म्हणून मी तयारच होते.

"वहिनी, एकच सांगा," ते म्हणाले. "शेवटी आईनं माझी आठवण काढली होती का?"

आता दाटलेला गळा खोटा नव्हता. ते मला कळत होतं.

"नाही," मी म्हटलं. "एकदाही नाही."

ते हातातली खुर्ची न मिटता तसेच उभे राहिले. मी घरी आले.

काढली नव्हती कशी. शेवटी शेवटी सासूबाईंना माणसं ओळखू येत नव्हती. मी घास पुढे केला की त्या मलाच भाऊजींच्या नावानं हाक मारायच्या आणि म्हणायच्या, "आलास बाळा, किती वाट बघायला लावलीस." माझं नाव काही त्यांच्या तोंडून आलं नाही.