चिक्कीचा डोहाळा

सरुबाईने येसूच्या पोटाभोवती सुती दोरी फिरवली, बेंबीपाशी आणून चिमटीत धरली आणि तिचा हात तिथेच थांबला. मागच्या पौर्णिमेला मारलेली गाठ चिमटीच्या दोन बोटं पलीकडे लोंबत होती. नववा लागलेला, आणि पोट वाढायचं सोडून आत गेलं होतं.

पोटुशी बाईची दोरी ही सरुबाईची पाटी-पेन्सिल. दर पंधरवड्याला पोट मापायचं, दोरी जिथे मिळेल तिथे गाठ मारायची. बाळ जन्मलं की तीच दोरी त्याच्या कमरेला करगोटा म्हणून बांधायची. मळवलीतलं निम्मं गाव असल्या दोऱ्या बांधून रांगलं होतं. पंचवीस वर्षांत आपल्या हातची एकही बाई दवाखान्यात गेली नाही, हे सरुबाई ज्याला त्याला ऐकवायची, कुणी विचारो न विचारो.

तिने पोटावर तळवा ठेवला. बाळाची कोपरं, टाचा थेट हाताला लागल्या, पिशवीतल्या भुईमुगाच्या शेंगा लागाव्यात तशा. बाळाभोवतीचं पाणी आटलं होतं.

“हालतंय का गं?”

“परवापासनं गपगार हाय, मावशी,” येसू म्हणाली. “आत्याबाई म्हंत्यात, बापावानी झोपाळू निघंल.”

सासू धोंडाबाई चुलीपाशी तांदूळ निवडत होती. सुपातून मान वर न काढता ती म्हणाली, “बारीक प्वाट हाय. सुटका बी झटदिशी व्हईल.”

सरुबाईने दोरी गुंडाळली. पंचवीस वर्षांची बढाई एका घोटात गिळणं सोपं नव्हतं, पण तिने गिळली.

“धोंडाबाई, पोरीला लोनावळ्याच्या डाक्टरीनबाईला दावू या.”

ओसरीवर दोर वळत बसलेल्या सासऱ्याचा, कोंडाजीचा, हात थांबला.

“ह्या घरात दवाखान्याचं नाव काढायचं न्हाई! माजी भन तितं चालत गेली आन चौघांच्या खांद्यावर आली. आन सरुबाई, थोट्या हाताच्या सुइनीला दवाखाना लागतो, हे कोन म्हंतं गं गावभर?”

बढाया अशा उलटून अंगावर येतात.

“व्हय की! दवाखाना कशापायी?” धोंडाबाईही ओसरीपर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाली.

सरुबाई येसूचं पातळ सारखं करायला वाकली आणि तिच्या कानात कुजबुजली, “पोरी, तुला डोहाळा लागलाय. लोनावळ्याची चिक्की.”

येसूने डोळे मोठे केले. तिला चिंचेपलीकडे काही खावंसं वाटत नव्हतं. पण मावशीच्या हातातली दोरी तिने पाहिली. आज मावशीने गाठ न मारताच ती गुंडाळली होती, आणि असं तिने कधी पाहिलं नव्हतं.

“आत्याबाई,” ती मोठ्याने म्हणाली, “मला चिक्की खावीशी वाटतीय.”

“एवढंच ना?” ओसरीवरून कोंडाजी म्हणाला. “तुजा नवरा, आमचा मारुती, सांजच्याला घिऊन येतोय.”

“तसली न्हवं, मामंजी. दुकानात लाटत्यात, कापत्यात, तवाच. गरम गरम.”

कोंडाजीने हातातला दोर खाली ठेवला. पोटुशीचा डोहाळा पुरवला नाही तर पोराची लाळ गळते, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. धोंडाबाईला मारुतीच्या वेळी उंबरं खावीशी वाटली होती, आणि हा गडी आळस करून झाडावर चढला नव्हता. मारुती शाळेत जायला लागला तरी सदऱ्याची छाती ओली ती ओलीच. सगळ्या गावाने त्याला ‘झरा’ म्हणून हाक मारली होती.

“जावा बाबा,” कोंडाजी म्हणाला. “पर दिस मावळायच्या आत घरला या.”

“मी बी येती,” धोंडाबाई सूप ठेवून उठली.

झालं! सरुबाईने कपाळाला हात लावला. आता हिला कुठे टाकायची?

दुसऱ्या दिवशी सकाळच्या शटल गाडीत तिघी बसल्या. धोंडाबाईच्या मांडीवर भलंमोठं गाठोडं होतं.

“येवढं काय घेतलंस गं?”

“भाकरी,” धोंडाबाई खिडकीबाहेर बघत म्हणाली.

लोणावळ्याला उतरताच गुळाच्या पाकाचा वास आला. सरुबाईने बेत पक्का केला होता. हिला दुकानाच्या बाकावर बसवायचं, पोटभर चिक्की चारायची आणि पोरीला लघवीला नेते म्हणून पसार व्हायचं. पण धोंडाबाई दुकानापुढून वाऱ्यासारखी निघून गेली.

“अगं, दुकान हितं मागं ऱ्हायलं!”

“दुकान कुटं पळून जातंय? आदी डाक्टरीन गाठ. तिची येळ संपंल.”

सरुबाई रस्त्यातच उभी राहिली. मग लुगड्याचा घोळ सावरत त्या दोघींच्या मागे धावली.

डॉक्टरीणबाईंनी लाकडी नळी येसूच्या पोटावर टेकवली आणि कान लावला. नळी सरकवली, पुन्हा ऐकलं, पुन्हा सरकवली. सरुबाईने मळवलीपासून एकवीरेपर्यंत जेवढे देव होते तेवढे सगळे आठवले.

“आहे,” बाई म्हणाल्या. “ठोके मंद आहेत, पण आहेत. पाणी फारच कमी झालंय. आता थांबायचं नाही, आजच बाळंत करायला हवं. कुणाच्या लक्षात आलं हे?”

सरुबाईने दोरी पुढे केली. बाईंनी एकेक गाठ बोटाने चाचपली, टेपने मापली आणि कागदावर लिहून घेतली.

येसूला आत नेलं तशी सरुबाई भानावर आली. “अगं बया! आपून तर चिक्की खायाला आलो. पोराच्या अंगाखाली घालायला चिंधी बी न्हाई!”

धोंडाबाईने गाठोडं सोडलं. त्यात एकही भाकरी नव्हती. धुऊन मऊ केलेले जुन्या लुगड्याचे तुकडे होते, टोपडं होतं, इवलीशी गोधडी होती. आणि तळाशी, फडक्यात, काळी पडलेली एक दोरी होती. तिच्या शेवटच्या दोन गाठी एकीला एक चिकटून होत्या.

“मारुतीच्या आदल्या पोराची,” धोंडाबाई म्हणाली. “तुज्या सासूनं मापलं हुतं. म्हनाली, बारीक प्वाट हाय, सुटका झटदिशी व्हईल. झाली बी. पर कुनी रडलं न्हाई.”

“आन काल मोठ्यांदा तेच बोलत हुतीस!”

“मग काय, ह्यांच्या म्होरं दवाखाना म्हनू?” धोंडाबाईने डोळे पुसले. “तू काय तरी काढशील, ह्याची वाट बघत हुते. लय येळ लावलास.”

दिवेलागणीला आतून आवाज आला, आधी मांजरासारखा, मग चांगला खणखणीत. चार पौंडांची मुलगी. धोंडाबाईने तिची हनुवटी बोटाने पुसून पाहिली. कोरडी होती.

सरुबाई दोरी बांधायला बसली. दोरीचे त्या एवढ्याशा कमरेला कितीतरी वेढे बसले.

शोधत आलेला मारुती दारात उभा होता. त्याच्यामागे कोंडाजी, हातात टोपी.

“मारुती, जा,” धोंडाबाई म्हणाली. “दोन शेर चिक्की आन. गरम असंल तीच. डोहाळा खोटा पडला तर पोर मोठी झाल्यावर इचारंल मला.”

“आन तुजी ऱ्हायलेली उंबरं मला कुटं घावतील आता?” कोंडाजीने हळूच विचारलं.