रविवार धरून हिशेब

शिवणकाकूंच्या मुलाला हिशेब्या हे नाव शाळेतच पडलं होतं. आइस्क्रीम घ्यायला गेला तरी कुठल्या चवीचा कप जास्त भरून मिळतो, हे हा पठ्ठ्या आधी दुकानदाराला विचारायचा. पुढे शिकला, मोठ्या कंपनीत लागला, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला उंच इमारतीत घर घेतलं, लग्न झालं, आणि मग आईकडे येणं त्याच्या जिवावर यायला लागलं. वाईट नव्हता हो. फोन करायचा, औषधं पाठवायचा, "येतो गं या आठवड्यात" म्हणायचा. आणि यायचा नाही.

काका जाऊन बरीच वर्षं झाली होती. काकू एकट्याच. लहानसं बैठं घर, पुढच्या खोलीत मशीन, दाराशी एक गाडी उभी राहील एवढी फरशी घातलेली जागा. कपडे सैल करणं, आवळणं, पँटची उंची कमी करणं, चेन बदलणं, पडदे शिवणं, यावर त्यांचं घर चालायचं, आणि चांगलं मिजाशीत चालायचं. धंद्यातली त्यांची एक खोड होती. गिऱ्हाइकाने चार कपडे टाकले की तीनच तयार ठेवायचे. "एवढं एक राहिलं बघा, परवा न्या." परवा ती बाई आली की घटकाभर गप्पा व्हायच्या, आणि येताना ती आणखी दोन कपडे घेऊन यायची. असं एक एक काम मागे ठेवून काकूंनी सगळी गल्ली बांधून ठेवली होती. पोटचा पोरगा तेवढा त्यात सापडत नव्हता. त्याचे कपडे दुकानात तयारच मिळायचे.

आणि एका दुपारी तो न सांगता दारात उभा. काकूंच्या हातातली कात्री तशीच राहिली.

"इकडे कसा रे वाट चुकलास?"

"जवळच शोरूम आहे ना, गाडी चालवून बघायला आलो होतो. म्हटलं डोकावू." त्याने लॅपटॉप सरळ कापायच्या टेबलावर ठेवला, कापडावरच. "आई, डोक्याचा भुगा झालाय. पेट्रोलची घेऊ की विजेची?"

जसं काही काकूंनी आयुष्यभर गाड्याच विकल्या होत्या. पण त्याला आईचं मत नको होतं, ऐकणारं कुणीतरी हवं होतं, आणि काकूंना तेवढंही पुष्कळ होतं. त्यांनी चष्मा पुसला आणि बघायला बसल्या. पडद्यावर दोन रकाने. एकीकडे पेट्रोल: गाडी स्वस्त, पण पेट्रोल महाग, वर्षाला ऑइल, फिल्टर, आज हे बदला, उद्या ते बदला. दुसरीकडे वीज: गाडी महाग, विमा जास्त, पण चालवायला चिल्लर खर्च आणि गॅरेजचं तोंड बघायला नको.

"मग विजेचीच घे की."

"तिथेच घोडं अडलंय. आमच्या इमारतीत चार्जिंगची सोय नाही. बाहेर चार्ज करायची तर दर भरमसाट आणि वर रांग. घरची वीज मिळाली असती तर चार वर्षांत वरचे पैसे वसूल झाले असते. नाहीतर पेट्रोलच परवडतं."

बाकी सगळं काकूंच्या डोक्यावरून गेलं, पण 'घरची वीज' हे मात्र बरोबर टिपलं त्यांनी. टिपणारच. गिऱ्हाइकाच्या बोलण्यातून कामाचं तेवढं उचलण्यात त्यांचा हात कोण धरणार?

"मग हे काय परक्याचं घर आहे?" त्या म्हणाल्या. "रविवारी सकाळी यायचं, गाडी दाराशी लावायची. जेवायचं, आडवं व्हायचं, संध्याकाळी भरलेली गाडी घेऊन जायचं. आठवडा निघेल ना?"

हिशेब्याने दाराबाहेर पाहिलं, मग पडद्याकडे. बोटं चालली. रकान्यातले आकडे पटापट उतरले.

"आई! अगं, कुठल्या कुठे गेलं हे!"

चार्जर बसवायचा खर्च काकूंनी केला. कपड्याच्या कडा पक्क्या करायचं मशीन घ्यायला त्यांनी पैसे बाजूला ठेवले होते, ते दिले. तो "नको गं" म्हणाला. एकदाच म्हणाला. वीजबिलाचंही तो "मला पाठवत जा" म्हणाला होता, काकूंनी पाठवलं नाही, आणि त्यानेही परत विचारलं नाही.

पण मग ते रविवार! काय सांगायचं त्या रविवारांचं. शनिवारपासून काकूंची धांदल. त्याच्या आवडीची भाजी, धुतलेली चादर, मशीनवरचा पसारा आवरलेला. कधी सूनबाई बरोबर यायची, बहुतेक वेळा तो एकटाच. आला की आधी वायर लावायची, मग चपला काढायच्या. जेवणानंतर तो मशीनशेजारी स्टूल घेऊन बसायचा आणि काकूंच्या आठवडाभराच्या सुया ओवून ठेवायचा, पांढरी, काळी, निळी, एकेका रंगाची एकेक. त्यांना आता सुईचं नाक दिसत नव्हतं. ओवता ओवता बोलायचा. ऑफिसातल्या साहेबाची नक्कल करायचा, बापाच्या आठवणी काढायचा. एकदा बापाचं घोरणं असं काही हुबेहूब काढून दाखवलं की काकू हसता हसता रडायलाच लागल्या. शेजारपाजाऱ्यांना त्या ठणकावून सांगायच्या, "दर रविवारी येतो हो माझा मुलगा. एक चुकवत नाही." कशासाठी येतो हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. पण पोरगा समोर बसलेला असताना कारणं कोण उसवत बसतं?

सूनबाईने स्वतःच्या इमारतीतलं एक गिऱ्हाईक काकूंना जोडून दिलं होतं. इमारतीच्या सेक्रेटरीची बायको. सगळे तिला सेक्रेटरीणबाई म्हणत. नवऱ्याचं पद तिनेच जास्त मिरवलं होतं. एक दिवस ती कोट सैल करायला आली. काकू तोंडात टाचण्या धरून तिच्या पाठीवर माप घेत होत्या.

"काकू, तुमच्या मुलाचं काम झालं म्हणून समजा," ती म्हणाली. "इमारतीत चार्जर बसवायचा ठराव येतोय. आमच्या ह्यांचा होकार आहे. ह्यांनी मान हलवली की झालं."

काकूंनी तोंडातल्या टाचण्या एकेक करून टाचण्यांच्या गादीला टोचल्या.

"बसवा हो. चांगलंच आहे. कुठे बसवणार?"

"तळमजल्याच्या पार्किंगमध्ये."

"आणि त्याच्या वर कुणाचं घर येतं?"

"आमचंच की."

"अगं बाई!" काकू म्हणाल्या, आणि गप्प झाल्या. गप्प कधी व्हायचं हे त्यांना बरोबर कळायचं.

"का हो? काय झालं?"

"काही नाही. आमच्याकडची वायर हात लावू देत नाही एवढी तापते, म्हणून आपलं मनात आलं. मध्येच जळका वास येतो. मी तर रविवारी दाराशी वाळूची बादली भरूनच ठेवते. पण तुमच्याकडे चांगली बसवतील, मोठी इमारत आहे."

साफ खोटं! वायर थंडगार असायची. दर रविवारी काकूच ती गुंडाळून खुंटीला लावायच्या. वाळूची बादली तर त्यांच्या घरात जन्मात नव्हती. पण सेक्रेटरीणबाईचा चेहरा पांढराफटक पडला. कोटाचे पैसे द्यायला तिने पर्स उघडली, तेव्हा काकू म्हणाल्या, "राहू द्या हो, एवढ्याशा कामाचे कसले पैसे."

ठराव बारगळला. हिशेब्या रविवारी धुमसतच आला. "कुणीतरी अर्धवट बाईने सेक्रेटरीच्या बायकोच्या डोक्यात भरवलंय की आग लागते. आता वर्षभर विषय नाही."

"लोक काहीही बोलतात," काकू म्हणाल्या आणि त्याच्या ताटात आणखी भात वाढला. लाज वाटली त्यांना, नाही असं नाही. पोराच्या वाटेत आपल्याच हाताने धोंडा टाकला हे त्यांना स्वच्छ कळत होतं. पण आणखी वर्षभराचे रविवार मिळाले, याचा आनंद त्या लाजेपेक्षा मोठा होता. तो त्यांनी पुरता उपभोगला.

मग हळूहळू काय झालं म्हणता, काहीच झालं नाही. तो येत होता. पण स्टुलावर बसेनासा झाला. आल्या आल्या कोचावर आडवा, हातात फोन. फोनवरच गाडी किती भरली ते दिसायचं. काकू काही सांगायला लागल्या की त्याची नजर तिकडे. "बास की आई, किती हळू भरतंय हे," असं तो चार्जरला म्हणायचा की त्यांना म्हणायचा, काकूंनी कधी विचारलं नाही. सुया त्या शेजारच्या बाईकडून ओवून घ्यायला लागल्या. सूनबाई तर यायचीच बंद झाली होती. काम फार मागे ठेवलं की गिऱ्हाईक एक दिवस कापड उचलून दुसरीकडे जातं, हे काकूंना धंद्यात कळत होतं. आयुष्यात एक-दोन गिऱ्हाइकं अशी गेलीही होती. पण मुलाला असं कापड उचलता येतं हे त्यांच्या मनाला शिवलंसुद्धा नाही.

मग एकदा तो मधल्याच वारी आला. दाराबाहेर वेगळाच आवाज झाला म्हणून काकूंनी मान वर केली. गाडी घरघरत होती. दुसरीच गाडी, दुसराच रंग.

"बदलली!" तो आत येत म्हणाला. आज किती दिवसांनी चेहरा खुलला होता त्याचा. "ती देऊन ही घेतली. पेट्रोल. आई, तुला सांगतो, माझं पहिल्यापासूनच चुकलं होतं. मी हिशेब अर्धवट केला होता."

"विजेची स्वस्त पडते म्हणाला होतास ना?"

"तेच तर! ये, दाखवतो." लॅपटॉप पुन्हा टेबलावर. काकू पुन्हा चष्मा पुसून बसल्या. सवयच ती. "हे बघ. गाडी जड, म्हणून टायर लवकर झिजले. विमा वाढला. जुनी विकायला गेलो तर भाव पडलेला. तरी विजेचा खर्च शून्य होता म्हणून अजून तीच पुढे होती. मग माझ्या लक्षात आलं, सगळ्यात मोठा खर्च मी धरलाच नव्हता."

त्याने बोट ठेवलं. काकूंनी वाकून वाचलं. टायर, विमा, आणि त्यांच्या खाली एक शब्द: रविवार.

"हे काय रे?"

"वेळ, आई. अख्खा दिवस जायचा ना इथे. बाहेरचं काम घेतो त्याचा जो तासाचा दर आहे, तो लावला. तोही निम्माच, सुट्टीचा दिवस म्हणून. वर्षभराचे रविवार धरले आणि हा आकडा आला. बघ ना केवढा! डोळेच पांढरे झाले माझे."

काकूंनी आकडा बघितला. मोठा होता खराच. टायरपेक्षा मोठा, विम्यापेक्षा मोठा. त्या एकेका रविवारासाठी त्यांनी काय काय केलं होतं, कुणाकुणाशी खोटं बोलल्या होत्या, आणि इथे तो सगळा जमाखर्च लाल अक्षरांत तोट्याच्या बाजूला पडला होता. त्यांना ओरडावंसं वाटलं. अरे मेल्या, मी तुझी आई आहे, टायर नाही, असं म्हणावंसं वाटलं. पण काय म्हणणार? इथे चार्ज कर असं म्हटलं कुणी होतं? आणि इमारतीतला चार्जर अडवला कुणी? तो तिथे बसला असता तर गाडी तरी राहिली असती, आणि कोण जाणे, चुकून एखादा रविवार असाच, बिनकामाचा, मिळालाही असता.

"आता बरं झालं," तो म्हणत होता. "आता कधीही येता येईल, रविवारच हवा असं काही नाही. हा चार्जर काढून घ्यायला माणूस पाठवतो, त्याचेही थोडेफार येतील."

कधीही येईन म्हणणारा माणूस कधी येतो, हे काकूंना तोंडपाठ होतं. त्यांनी पडद्यावरच्या त्याच ओळीवर बोट ठेवलं. मग अगदी साध्या आवाजात म्हणाल्या,

"जेवण वजा केलंस का?"

"कसलं जेवण?"

"इथे जेवायचास ते. दर रविवारी. दुपारचं, आणि संध्याकाळचा चहा-फराळ. बाहेर जेवला असतास तर खर्च आला असता ना?"

खरं तर त्या त्याला टोचायला गेल्या होत्या. सुई अशी खोलवर घातली होती की कुणीही कळवळला असता. पण हिशेब्याने कपाळावर हात मारून घेतला.

"अरे हो! हे राहिलंच की. बरोबर आहे तुझं, आई, हे धरायलाच हवं." आणि तो मनापासून खूश झाला, आईने इतकं लक्ष घालून बघितलं म्हणून. त्याने एक नवी ओळ घातली, हॉटेलातल्या ताटाचा भाव लावला, चहाचा वेगळा लावला, वर्षाचे रविवार मोजले, आणि काकू शेजारी उभ्या राहून त्याची बोटं बघत राहिल्या. देवाशपथ, त्या घटकेला त्यांना वाटत होतं की आकडा फिरावा. हॉटेलवाल्यांनी तरी भाव वाढवलेले असावेत. आपल्या हातच्या जेवणाने तरी तो रकाना हलावा.

त्याने शेवटची कळ दाबली, बघितलं, आणि मान हलवली.

"नाही गं आई," तो म्हणाला. "फरक थोडा कमी झाला. पण तरी पेट्रोलच परवडतंय."