बंबातलं पहिलं पाणी

सोलापूरला थंडी पडते, यावर सोलापूरच्या माणसांचाच विश्वास नाही. उन्हाळ्याचा आम्हाला एवढा अभिमान, की पौषात दात वाजायला लागले तरी "जरा गार हाय की" म्हणून सदऱ्याचं वरचं बटण तेवढं लावतात. आमच्याकडे पाण्याचं बर्फ होत नाही, हे खरं. पण चौऱ्याहत्तरच्या पौषात अंगणातल्या दगडी डोणीत हात घातला, की बोटं आपली आहेत की शेजारणीची, ते कळत नव्हतं.

त्या डोणीतलं पाणी तुंगी पिईना. तुंगी म्हणजे आमची म्हैस, नुकती व्यालेली. तोंड पाण्याला टेकवायची, फुर्र करायची आणि माझ्याकडे बघायची. पाणी पोटात नाही, म्हणून दूध आटलं. दूध आटलं, म्हणून सासरे बसलिंगप्पा म्हणाले, "आजारी हाय ती. रुद्रप्पा दलालाला निरोप धाडलाय. बुधवारी येऊन नेईल."

"आजारी न्हाय मामा, गारठलीय. बंबातलं पाणी देऊन बघू की."

"बंब माणसांसाठी असतो."

बंब घरात एकच. सरपण जपून जाळायचं, म्हणून दिवसाला एकदाच पेटायचा, आणि त्याचं पहिलं पाणी सासऱ्यांचं. तो त्यांचा नेम. अंघोळ नाही तर पूजा नाही, पूजा नाही तर पाण्याचा थेंब नाही. उरलेल्या कोमटात आम्ही बाकीचे उरकायचो. चुलीवर तापवूनही पाहिलं मी; पण पातेलंभर पाण्यात म्हशीची चूळसुद्धा होत नाही.

बुधवारी उजाडता मी बंब पेटवला. पाणी सणसणलं तशी तोटी सोडली, गार पाणी मिसळलं, मूठभर कोंडा टाकला आणि सासऱ्यांचं अंघोळीचं घंगाळ उचलून गोठ्याकडे निघाले.

"अगं, निदान घंगाळ तरी सोड!" सासूबाई चुलीपासून म्हणाल्या.

"दगडाच्या डोणीत ओतलं तर पुन्हा गार होईल, अत्याबाई."

थोड्या वेळानं पंचा गुंडाळून सासरे न्हाणीत गेले आणि तसेच बाहेर आले.

"घंगाळ कुटंय?"

सासूबाईंनी नुसती हनुवटी गोठ्याकडे केली.

गोठ्याच्या दारात मी उभी. दोन्ही हात चौकटीला लावलेले.

"येन इदु? काय हे?" सासरे रागावले की कानडीत शिरायचे. "हेमावती, बाजूला हो. माझा नेम हाय."

"तिचाबी नेम हाय, मामा. कोमट असल्याबिगर ती पाणी तोंडात घेत न्हाय. अंघोळ झाल्याबिगर तुमी घेत न्हाय. तुमाला कोण आजारी म्हनतं का?"

सासूबाई पदर तोंडाला लावून खोकल्या. तो खोकला नव्हता.

"म्हशीला कसला नेम!"

"तिलाच इचारा की."

एवढ्यात रुद्रप्पा आला, खांद्यावर दोर टाकून. त्यानं पाहिलं ते असं: मालक उघडे, पंचा नेसलेले. सून दार अडवून. आणि सुनेच्या मागे, सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असं सुर्र सुर्र. तुंगीनं घंगाळाचा तळ चाटला आणि नाकानं ते ढकललं. पितळ खणखणलं.

"मालक, ही पानी पीत न्हाय म्हनला होता की."

सासऱ्यांनी पंचा घट्ट खोचला.

"नेऊ का मग?"

"मला ओलांडून ने," मी म्हटलं.

रुद्रप्पानं दोर खांद्यावरून काढलाच नाही. "आजारी कोन हाय, ते आदी घरात ठरवा. इथं तर मालकच कापायलेत."

सासरे ताडताड रांजणापाशी गेले. तांब्या बुडवला आणि गार पाणी डोक्यावर घेतलं. "शिव शिव!" दुसरा तांब्या. "शिव शिव शिव!" ते पाचव्या तांब्याला आले तेव्हा शंकराला कैलासावर ऐकू गेलं असेल. नेम काही मोडू दिला नाही त्यांनी. तेवढा मान मी त्यांना तेव्हाही दिला, आजही देते.

मग निथळत, ओठ निळे करून ते रुद्रप्पाकडे वळले. "जा तू. न्हाय विकायची."

आणि माझ्याकडे न बघता, "उद्याचा बंब माझा!"

"मग तुंगीच्या आदी उठा," मी म्हटलं, आणि घंगाळ घेऊन बंबाकडे गेले. तिला अजून हवं होतं.